खालिदला काढा म्हणणाऱ्यांत परवा मीही होतो

मंगळवारी रात्री ढाक्यात आपण बांगलादेशकडून १-० ने हरलो. २२ वर्षांनी हरलो त्यांच्याकडून. मॅच संपून पाच मिनिटं झाली नसतील, मी इथेच एक पोस्ट टाकली, "खालिद जमील, बास झालं." दोनशेच्या वर लाइक आले. एवढे लाइक माझ्या पाणीटंचाईच्या बातमीलाही कधी मिळाले नाहीत.

सकाळी चहाच्या टपरीवर नेहमीचा पोरगा भेटला. कोल्हापूरच्या पेठेतला, नोकरीमुळे आमच्या गावात आलेला, फुटबॉलसाठी जीव टाकणारा. त्याने मोबाइल काढून माझीच दोन महिन्यांपूर्वीची पोस्ट पुढे धरली. सप्टेंबरात आपण ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरे आलो, तेव्हा मी लिहिलं होतं, "आपल्या माणसावर विश्वास टाका, त्याला पाच वर्षं हात लावू नका."

"सर, पाच वर्षं झाली का?" एवढंच म्हणाला. चहा घशाखाली उतरेना.

म्हणून ही मोठी पोस्ट. कंटाळा आला तर सोडून द्या.

आपल्याकडे हा वाद सुरू झाला की पहिल्या दोन मिनिटांत फर्ग्युसनचं नाव येतंच. १९८६ ला मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, पहिला कप १९९० ला, लीग थेट १९९३ ला. धीर धरला म्हणून सगळं मिळालं. खरं आहे. पण हेच लोक एव्हर्टनचं नाव घेत नाहीत. तिथे डेव्हिड मॉयेस २००२ ते २०१३, सलग अकरा वर्षं होता. चांगलं काम केलं, संघ सावरला, कप एकही नाही. आणि चेल्सीने मार्च २०१२ मध्ये प्रशिक्षक काढला, हंगामी माणूस बसवला आणि दोन महिन्यांत चॅम्पियन्स लीग जिंकली. तेव्हा इंग्लंडची उदाहरणं ज्याला जी पाहिजेत ती मिळतात. बाजारातल्या वांग्यांसारखं आहे ते, आपल्या सोयीची निवडून घ्यायची.

शिवाय तो क्लबचा खेळ. क्लबच्या कोचला पोरं दहा महिने रोज मैदानावर मिळतात. देशाच्या कोचला वर्षातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी मोजके दिवस. काफाच्या वेळी तर मोहन बागानने आपले खेळाडू शिबिराला सोडलेच नाहीत. म्हणजे माणूस खुर्चीत स्थिर, पण समोरचा वर्गच भरत नाही. अशा मास्तरला निकाल विचारायचा कसा?

आता खालिदचंच बघू. मुंबईच्या फुटबॉलमध्ये वाढलेला माणूस, महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला. २००९ पासून मुंबई एफसीचा कोच, सलग सात वर्षं. पैसे कमी, स्टार नाहीत, प्रेक्षक बेताचेच. कप एकही जिंकला नाही. खरं सांगतो, त्यांचे सामने बघायला मजाही यायची नाही. दहा जण मागे आणि एक लांब किक. पण संघ आय-लीगमधून कधी खाली गेला नाही. २०१६ ला तो गेला. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली, आणि त्याच मोसमात खालिदने मिझोरामच्या ऐझॉलला चॅम्पियन केलं. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. आदल्या वर्षी उतरणीला लागलेला संघ होता तो.

ह्यातून काय घ्यायचं? सात वर्षं एका जागी राहून कप नाही आणि नव्या जागी पहिल्याच वर्षी कप, म्हणून बदल चांगला म्हणणारा म्हणेल. मी म्हणतो, तो गेल्यावर मुंबईत काय झालं ते बघा. कप न जिंकणारा माणूस रोज काय धरून ठेवत होता, ते तो गेल्यावर कळलं.

पण इगोर स्टिमॅचचं काय, हे टपरीवर कुणीतरी विचारलंच. रास्त प्रश्न. त्याला २०१९ ते २०२४ पाच वर्षं दिली. २०२३ मध्ये सॅफ जिंकलो, इंटरकॉन्टिनेंटल जिंकलो, क्रमवारीत शंभराच्या आत आलो, ९९. मग २०२४ च्या जानेवारीत आशियाई कपमध्ये तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो, जूनमध्ये त्याला काढला. त्याच्यानंतर मानोलो मार्केझ आला. तो एकाच वेळी एफसी गोवाही सांभाळत होता आणि देशही. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. वर्षभरात तोही गेला. मग खालिद. आज क्रमवारीत आपण १४० च्या पलीकडे आहोत.

म्हणजे टिकवून बघितला, बदलून बघितला. गाडी कुठे अडते ते दोन्ही वेळा तेच. गोल कोण करणार?

मार्चमध्ये निवृत्त सुनील छेत्रीला परत बोलवावं लागलं. चाळिशीतला माणूस. आणि त्याला बोलवण्यात चूक तरी काय, लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच होते. क्लब पुढच्या जागेवर परदेशी खेळाडू लावतात, कारण त्यांना रविवारची मॅच जिंकायची असते. आपली पोरं विंगला नाहीतर बाकावर. त्या पोरांतून नऊ नंबर तयार कर, असं सांगायला आपण कोच नेमतो आणि तीन महिन्यांनी विचारतो, झाला का?

आणि ह्या वर्षी तर लीगच नाही. नोव्हेंबर संपत आला, आयएसएल सुरू नाही. व्यावसायिक हक्कांची निविदा काढली, एकही बोली आली नाही. आमच्या नगरपालिकेत गटारीच्या कामालासुद्धा तीन जण निविदा भरतात हो! देशाच्या लीगला एक नाही. खेळाडू ऑगस्टपासून सराव करून वाट बघतायत, काही क्लबांनी तर सरावच थांबवले. त्यातून उचलून अकरा जण ढाक्यात उतरवले. मी हे सगळं रोज वाचत होतो, बातम्या लावत होतो. तरी मंगळवारी रात्री मला फक्त खालिद दिसला. सोपं असतं ते. गावात पाणी आलं नाही की मुख्याधिकारी बदला म्हणायचं. बदलतात. पाणी येत नाही. मी २० वर्षांत किती निरोप समारंभांच्या बातम्या दिल्या ते मोजलं नाही, पाइपलाइन तीच आहे.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९५२ हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 'मैदान' सिनेमामुळे आता पोरांनाही नाव माहीत झालंय. आमच्या आधीच्या पिढीला ते रोव्हर्स कपमुळे माहीत होते, त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत येऊन १९५० ते ५४ सलग पाच वेळा तो कप नेला होता. दहा गोल खाल्ल्यावर आज काय झालं असतं? पण तेव्हा आधी चुकलं काय ते बघितलं. आपले बरेच खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांकडे संघ पुन्हा आला, आणि १९५६ ला मेलबर्नमध्ये आपण चौथे. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली ती तिथेच. १९६२ ला जकार्तात सुवर्ण, तेही रहीमसाहेबांचंच.

त्यांना संधी मिळाली आणि बूटही मिळाले. दोन्ही. आपण खालिदला ह्यातलं एकच देतोय, तेही कुरकुरत.

म्हणजे खालिदच्या चुका नाहीत असं नाही. फातोर्ड्यावर सिंगापूरविरुद्ध १४ व्या मिनिटाला छांगटेने गोल केला, पुढे होतो, घरचं मैदान, आणि तरी १-२ ने हरून आशियाई कपचं दार बंद करून घेतलं. आघाडी मिळाल्यावर संघ मागे सरकत गेला. ही त्याची जुनी खोड, मुंबई एफसीपासूनची. लहान संघ वाचवायला ती चालते. घरच्या मैदानावर जिंकायचं असतं तेव्हा नाही चालत. ह्यावर त्याला खडसावून विचारलंच पाहिजे, आणि पत्रकारांनी विचारावं. "राजीनामा देणार का?" हा प्रश्न नको, "दुसऱ्या अर्ध्यात बदल का नाही केलेत?" हा विचारा.

माझं म्हणणं आता असं आहे. त्याला राहू द्या, पण नुसतं राहू देऊ नका. पात्रतेतला शेवटचा सामना मार्चमध्ये हाँगकाँगशी आहे, घरी. त्यात आपल्यासाठी गुणांचा काही अर्थ उरलेला नाही. मग तिथे म्हातारे सैनिक कशाला? सप्टेंबरात नौशाद मूसाच्या २३ वर्षांखालच्या संघाने बहरीनला २-० ने हरवलं, त्यातले पाच-सहा जण उतरवा. तीन गोल खाऊ देत. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तेव्हा अख्ख्या जिल्ह्याने डोक्यावर घेतला होता. त्या संघातल्या किती जणांना पुढे मोठ्या संघात सलग सामने मिळाले, ते ज्याचं त्याने शोधावं. आणि मार्चच्या आधी लीग सुरू करा राव, काहीही करून. नाहीतर मार्चमध्येही पोरं सरावाविना येतील आणि मी पुन्हा रात्री दहाला मोबाइल हातात घेईन.

मंगळवारची पोस्ट काढलेली नाही, खाली आहे, ज्यांना शिव्या घालायच्या असतील त्यांनी तिथे घालाव्यात. टपरीवरच्या पोराने आधीच घातल्यात.