दाईपेशी संपावर

एप्रिल महिना, गावची जत्रा आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात टेन्शनचा वीकेंड. आमचं गाव लोणी, आंबेगाव तालुक्यातलं. मंचर मागे पडलं की हिरवा रंग हळूहळू विरळ होतो आणि गप्पांत पाण्याचा टँकर येतो, त्या बाजूचं. लग्नाला चार वर्षं झालेली, त्यामुळे काकीने अनघाच्या हातात नवसाचा नारळ दिला. तिने तो मुकाट घेतला. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. दुसरं काय करणार?

संध्याकाळी तात्या गोठ्यात होते. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली तेव्हाही त्यांनी बैल विकले नाहीत, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा पेढे वाटले. बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "सूनबाईच्या तपासण्या झाल्या म्हणं?"

"हो. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्सरे. सगळं नॉर्मल."

"आन् तुझी?"

मी गप्प.

"लेका, गाय सारखी उलटाय लागली तर आम्ही वळूबी बघतो. तू दोन वर्षं नुसतं तिलाच दवाखान्यात धाडतोस व्हय?"

एमबीए झालेल्या माणसाची विकेट एका वाक्यात!

पुण्यात परतल्यावर लॅब गाठली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत शुक्राणूंची खालची मर्यादा एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. माझे निघाले जेमतेम दहा लाख. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जिमला जाता? कसली इंजेक्शनं?"

जायचो ना! ओळखीतल्या एकाने 'टेस्टो'चा फंडा सांगितला होता. बायसेप्स शर्टात मावेनात, ऑफिसात कॉमेंट्स मिळायला लागल्या. पुरुषी हार्मोन म्हणजे पुरुषी ताकद, इतकं सरळ गणित. ते गणित उलटं कसं, हे मला सर्टोली पेशींनी शिकवलं.

एन्रिको सर्टोली नावाच्या इटालियन संशोधकाने १८६५ साली त्यांचं वर्णन केलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. वृषणातल्या बारीक नळ्यांच्या भिंतीत त्या उभ्या असतात. काम पक्कं दाईचं. एकेक पेशी तीस ते पन्नास वाढत्या बीजपेशींना कुशीत घेते, भरवते, त्यांचा टाकलेला कचराही स्वतः गिळते. शिवाय पहारा. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. शरीराची संरक्षण यंत्रणा 'आपलं कोण, परकं कोण' हे त्याच्या कितीतरी आधी शिकलेली असते. ती या नवख्यांवर तुटून पडू नये म्हणून दाया एकमेकींना घट्ट चिकटून भिंत उभी करतात. आणि बॉस, या दायांची भरती वयात येईपर्यंतच होते. नंतर आहेत त्यांच्यावरच आयुष्य काढायचं.

दायांना दोन गोष्टी लागतात. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारी एफएसएचची ऑर्डर, आणि वृषणात जागेवरच तयार होणारं टेस्टोस्टेरॉन. तिथे त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. बाहेरून इंजेक्शन घेतलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो ऑर्डरी थांबवतो. वृषणातला कारखाना बंद पडतो. रक्तात हार्मोन ओसंडून वाहतंय आणि दाया मात्र उपाशी! म्हणजे आरशातला मी जितका 'मर्द' होत होतो, तितका आत रिकामा होत होतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली. बहुतेकांची गाडी काही महिन्यांत रुळावर येते, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, सगळ्यांची येतेच असं नाही. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. इथे तत्काळ कोटा नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाचा पूर्ण किंवा थोडा वाटा असतो. तरी रांगेत आधी बाईच. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत या विषयांवर मराठीत उघड लिहिलं. इतक्या वर्षांनंतर मला साधी एक बाटली लॅबच्या काउंटरवर ठेवताना घाम फुटतो. काय म्हणावं!

सगळ्यात अवघड काम रिपोर्टनंतरचं होतं. अनघाला इंजेक्शनांबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नळ्यांच्या एक्सरेला किती दुखलं होतं, माहितेय तुला?" माहीत नव्हतं. मी तेव्हा जिममध्ये होतो.

मग काकीला फोन केला. म्हटलं, "काकी, तपासणीत दोष माझा निघालाय. अनघाला आता काही म्हणू नकोस." पलीकडे शांतता. मग मागून तात्यांचा आवाज आला, "नारळ त्याच्या हातात द्यायचा व्हता!"

तुमच्याही घरी फाइल बनली असेल, तर एकदा उघडून बघा. तिच्यावर नाव फक्त तिचंच आहे का? असेल, तर उद्या ऑफिसला तासभर उशिरा जा. तपासणी खरंच सोपी आहे, दुखत तर अजिबात नाही.

माझी पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. अनघा म्हणाली, "मी येते सोबत." मी तिच्या एकाही तपासणीला गेलो नव्हतो.