तिसऱ्या चाकाचे गणित

मोटरसायकलची तीनचाकी करणे ही भारतात नवी गोष्ट नाही. सौराष्ट्रात बुलेटच्या पुढच्या भागाला मागे गाडा जोडून तयार झालेला छकडो अनेक दशके माणसे आणि माल वाहत आला आहे. इटलीत १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आली आणि दोनच वर्षांत, १९४८ मध्ये, तिच्याच घडणीवर तीनचाकी ‘आपे’ उभी राहिली. आज रस्त्यावर धावणाऱ्या रिक्षेचे हे जवळचे नाते आहे. त्यामुळे बेंगळूरुच्या जे. सी. रोडवरून सुटे भाग आणून घराच्या अंगणात किंवा गल्लीतल्या गॅरेजात कोणी दुचाकीला दोन मागची चाके बसवत असेल, तर तो एका जुन्या वाटेनेच चालला आहे. प्रश्न वेगळा आहे. छकडो असो वा घरची तीनचाकी, ती कोणत्या वळणावर, किती वेगाला उलटेल, हे बनवणाऱ्याला ठाऊक असते का?

हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता असता, तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मात्र अशा गाड्यांची खरी गरज पोलिओ झालेल्या, पाय गमावलेल्या किंवा मणक्याला इजा झालेल्या माणसांना आहे. दुचाकी चालताना तोल धरते. थांबल्यावर तो तोल चालकाचे पाय धरतात. सिल्क बोर्डच्या सिग्नलवर ज्याला पाय टेकवता येत नाही, त्याच्यासाठी तिसरे चाक म्हणजे नोकरी टिकणे किंवा सुटणे. २०११ च्या जनगणनेत देशातील दिव्यांगांची संख्या २.६८ कोटी नोंदली गेली आणि त्यांत हालचालीचे अपंगत्व असलेले सुमारे ५४ लाख होते.

कायदा या माणसांकडे दोन तोंडांनी पाहतो. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या ४१ व्या कलमानुसार, दिव्यांगांना परवडेल असा वैयक्तिक प्रवास शक्य व्हावा म्हणून वाहनांत बदल करून देण्याच्या योजना आखणे हे शासनाचे काम आहे. दुसरीकडे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १८२अ आले आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरली. याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी ‘अनुकूलित वाहना’ची वाटही मोकळी ठेवली: मालकाने बदल करावा आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी त्यानंतर घ्यावी. म्हणजे चिमटा आधी कापला जातो, वेल्डिंग आधी होते आणि तपासणीचा प्रश्न मागाहून येतो. त्या वेळी अधिकाऱ्यापुढे नेमके काय मोजायचे, हा खरा विज्ञानाचा प्रश्न आहे.

‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण येथे शब्दशः लागू पडते आणि तिचे कारण शाळेतल्या भूमितीत सापडते. चारचाकीच्या चाकांचे जमिनीवरील स्पर्शबिंदू जोडले तर आयत होतो. तीनचाकीचे जोडले तर त्रिकोण. गाडी उलटू नये म्हणून गुरुत्वमध्यातून जाणारी बलाची रेषा या आकृतीच्या आत राहावी लागते. पुढे एकच चाक असेल, तर त्रिकोण पुढे निमुळता होत जातो आणि गुरुत्वमध्याच्या ठिकाणी मिळणारी निम्मी रुंदी मागच्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याहून बरीच कमी भरते.

एक उदाहरण पाहू. मागच्या दोन चाकांतले अंतर १ मीटर, पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत १.४ मीटर, चालकासह गुरुत्वमध्य पुढच्या चाकामागे ०.८५ मीटर आणि जमिनीपासून ०.६५ मीटर उंच, असे धरले तर त्या ठिकाणची निम्मी रुंदी सुमारे ०.३० मीटर येते. तिला उंचीने भागले की गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४७ पट हे उत्तर मिळते. बाजूचे त्वरण यापलीकडे गेले की आतले चाक उचलले जाते. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी सुमारे ३० किलोमीटरला गाठली जाते. त्याच वळणावर चालकाने घाबरून ब्रेक दाबला आणि गाडीचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.३ पटीने घटू लागला, तर भार पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि मर्यादा ताशी सुमारे २६ किलोमीटरवर उतरते. ज्या क्षणी माणूस सावध होतो, त्याच क्षणी गाडी अधिक असुरक्षित होते. मागची दोन चाके एकमेकांच्या आणखी जवळ बसवली, तर ब्रेक न दाबताही ही मर्यादा खाली येते.

दुचाकीला ही अडचण येत नाही, कारण ती वळणावर झुकते. झुकलेल्या दुचाकीत बल बहुतांशी चाकाच्या प्रतलातूनच जाते. चाक, बेअरिंग आणि चौकट त्यासाठीच घडवलेली असतात. तीनचाकी झुकत नाही. तिच्यात तेच बल चाकाला आडवे ढकलते आणि रुंद आसाच्या टोकांवरून चौकटीला पिळते. मूळ कारखान्यात असा पीळ गृहीत धरलेला नसतो. त्यातच घरच्या वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि पुढे तडा बहुधा तिथेच जातो, तोही रंगाच्या थराखाली, कोणाच्या नजरेला न पडता.

याशिवाय आणखी दोन बाबी अनेकांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली म्हणजे डिफरन्शियल. मागची चाके एकाच अखंड आसावर बसवली, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे १.५७ मीटर जास्त धावावे लागते. चाकांतले अंतर १ मीटर असेल तर वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. आस एकच असल्याने चाके तो फरक घसटत भरून काढतात, टायर झिजतात आणि गाडी वळायला अडते. दुसरी बाब सवयीची. वेगात असलेल्या दुचाकीला उजवीकडे वळवताना चालक नकळत क्षणभर हँडल डावीकडे दाबतो, म्हणजे गाडी उजवीकडे झुकते. तीनचाकीत डावीकडे दाबलेले हँडल तिला डावीकडेच नेते. अपघातापूर्वी वर्षानुवर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाचे हात संकटाच्या क्षणी जुनेच उत्तर देतील, ही शक्यता दुर्लक्षिता येत नाही.

स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना छोटी चाके बसवणे हा सर्वांत प्रचलित उपाय. तो स्वस्त आहे, मूळ चौकट त्यात फारशी कापावी लागत नाही आणि त्याने असंख्य माणसांना घराबाहेर आणले आहे. त्यातही दोष आहे. मधले, इंजिनाची ताकद घेणारे चाक खड्ड्यावर आले आणि बाजूची दोन चाके काठांवर टेकली, तर मधले चाक अधांतरी फिरते. बेंगळूरुच्या पावसाळ्यात असा प्रसंग यायला फार वाट पाहावी लागत नाही.

मग बंदी हाच उपाय का? तसे मानणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. कानपूरच्या अलिम्को या सार्वजनिक उपक्रमाच्या मोटर बसवलेल्या तीनचाकी सायकली आहेत. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून चाकाच्या खुर्चीला पुढे जोडता येणारे ‘निओबोल्ट’ निघाले. त्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर ठेवलेला आहे. ही साधने मोलाची आहेत, तरी शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज कामावर जाणाऱ्याची गरज त्यांनी पुरी भागत नाही. बंदी कडक झाली, तर गरज संपणार नाही. काम केवळ अधिक आडबाजूच्या गॅरेजात जाईल आणि विम्याचा दावा नाकारला जाण्याची टांगती तलवार त्या माणसाच्या डोक्यावर राहील. उलट, अशा प्रत्येक गाडीकडे ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने पाहणेही तितकेच घातक आहे. कौतुक करणारा त्या गाडीवर बसत नाही.

मार्ग या दोहोंच्या मधून जातो आणि तो महागडा नाही. वर काढलेली उलटण्याची मर्यादा एका कलत्या फळीवर मोजता येते. गाडी फळीवर आडवी उभी करावी, चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती त्याच्या बसण्याच्या उंचीवर बांधावी, सुरक्षिततेसाठी गाडीला सैल पट्टे लावावे आणि फळी हळूहळू कलवत न्यावी. वरच्या बाजूचे चाक ज्या कोनात उचलले जाते, त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजेच ती मर्यादा. वरच्या उदाहरणात हा कोन सुमारे २५ अंश येतो. स्प्रिंगा दबल्यामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमीच येईल आणि म्हणूनच नुसत्या कागदावरच्या हिशेबापेक्षा मोजमाप अधिक विश्वासार्ह ठरते.

पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत वाहनांच्या चाचण्यांची उत्तम सोय आहे, पण एका माणसाच्या एका गाडीसाठी ती वाट लांबची आहे. विजेवर चालण्यासाठी जुन्या वाहनात बसवायच्या संचांना देशात मानक आहे. तिसऱ्या चाकाच्या संचांसाठीही तसाच स्पष्ट, जाहीर आणि कोणालाही वाचता येईल असा किमान निकष हवा: कलतीचा कोन किती, सांधे कुठे आणि कसे, ब्रेक कोणत्या चाकांना, कमाल वेग व भार किती. बेंगळूरुत अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही आणि त्यांपैकी बहुसंख्य बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अशा गाड्यांची कलती मोजून द्यावी आणि तो दाखला नोंदणी अधिकाऱ्याने मंजुरीच्या वेळी ग्राह्य धरावा, एवढी व्यवस्था झाली तरी ‘मागाहून मंजुरी’ या तरतुदीला अर्थ येईल.

दिव्यांग चालकाला दया नको असते. त्याला आपल्या गाडीची मर्यादा ठाऊक असायला हवी असते. २०१६ च्या कायद्याने दिलेले वचन पाळायचे, तर त्या माणसाच्या हाती गाडीच्या किल्लीसोबत एक आकडाही द्यावा लागेल. तो मोजण्यासाठी लागते एक फळी, एक कोनमापक आणि थोडी कळकळ.