उरलेल्या तुकड्यांचा डबा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आपल्या घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "हे ठेवायचंय की टाकायचंय?" रद्दी, तडा गेलेल्या बरण्या, बंद पडलेला रेडिओ यांचा निकाल चटकन लागतो. गाडी अडते ती मुलांच्या डब्यापाशी. आत काय, तर चार चाकं, विमानाची काच, हात तुटलेला मावळा, तोफेची नळी आणि कशाचे ते न कळणारे प्लॅस्टिकचे पंचवीस तुकडे. आपण म्हणतो 'पसारा', आणि डबा केराच्या टोपलीकडे सरकतो.

माझं मत विचाराल, तर हा डबा टाकू नये. पण तो आईनंही सांभाळू नये. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

मॉडेल बनवणं आपल्याला काही नवं नाही. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, दिवाळीत अंगणात किल्ला होतोच. दगड-विटा रचायच्या, वर पोतं टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव नाहीतर मोहरी पेरायची. मग माळ्यावरून गेल्या वर्षीची चित्रं निघतात. सिंहासनावरचे महाराज, मावळे, गवळण, वाघ. बाजारातून नवी दोन-चारच येतात. नाक उडालेला मावळा झाडामागे पहाऱ्याला उभा राहतो, पाय मोडलेला घोडा पागेत बसतो. जुन्या तुकड्यांतून नवं काही उभं करायची ही अक्कल मुलांना कुणी शिकवत नाही. डबा असला की ती आपोआप येते. हल्ली प्लॅस्टरचे तयार किल्लेही मिळतात. आणला, ठेवला, झालं. त्यातून उरत काही नाही आणि सुचतही काही नाही.

आता किल्ल्याच्या जोडीला प्लॅस्टिकची किटं आली आहेत. ब्रिटनची एअरफिक्स, जपानची तामिया ही त्यातली नावाजलेली नावं. चौकटीला चिकटलेले भाग कापायचे, घासायचे, जोडायचे आणि रंगवायचे. एकाच खोक्यातून विमानाचे दोन-तीन प्रकार करता यावेत म्हणून बऱ्याच किटांत जादा भाग दिलेले असतात. विमान पुरं झालं तरी एखादं चाक, पंखा, वैमानिक मागं राहतो. पुढच्या वेळी नेमका एखादा भाग फरशीवर पडून हरवला की हा उरलेलाच धावून येतो. आपल्याकडे एका भागासाठी नवं किट घेणं कुणाला परवडतंय? चौकटीच्या उरलेल्या काड्यासुद्धा कामाच्या असतात. मेणबत्तीच्या धगीवर जरा गरम करून ताणल्या की केसासारखी बारीक तार निघते, ती विमानाच्या एरियलला चालते. हे काम मात्र मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं.

तुकडे ठेवायचे कसे, यात आपण बायका कुणाला हार जाणार नाही. मसाल्याचा डबा आठवा. मोहरी कुठल्या दुकानातली, हे आपण वाट्यांवर लिहीत नाही; मोहरी मोहरीच्या वाटीत जाते. तसंच 'हे त्या विमानातलं, हे त्या रणगाड्यातलं' असं न करता चाकं एकीकडे, माणसं एकीकडे, पंखे एकीकडे ठेवावेत. कप्प्यांचा मुखवासाचा डबा, औषधाच्या रिकाम्या डब्या, चेनच्या पिशव्या यांवर छान भागतं. वर चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर प्रमाण लिहायचं. १:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तरावा भाग. त्यात पावणेसहा फुटी माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो. आपला चार इंची मावळा धरला, तर प्रमाण १:१६ च्या आसपास जातं आणि वीस फुटी बुरूज पंधरा इंचांचा करावा लागतो! एवढं गणित मूल किल्ला करताना हसतखेळत करत असेल, तर त्या डब्यानं घरातली जागा फुकट अडवलेली नाही.

काही गोष्टी मात्र मुद्दाम सांगते, कारण त्या आपल्या नेहमीच्या सवयींच्या उलट आहेत. साड्यांच्या ट्रंकेत आपण डांबरगोळ्या टाकतो, त्या ट्रंकेत ही किटं ठेवू नका. डांबरगोळ्यांच्या वाफेनं किटाचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक मऊ पडून बिघडतं. मऊ टायर चाकांपासून आणि इतर भागांपासून वेगळे ठेवावेत, काही टायर जवळच्या प्लॅस्टिकला हळूहळू खातात. पारदर्शक काचांवर ओरखडे लगेच उठतात, त्या कापसात गुंडाळाव्यात. पाण्यात भिजवून लावायची चित्रं, म्हणजे चिन्हं नि आकडे, वहीत सपाट ठेवून ऊन आणि दमट हवेपासून जपावीत, नाहीतर पिवळी पडतात. मातीची चित्रं कोरड्या फडक्यानं पुसून, कागदात गुंडाळून आंब्याच्या पेटीत पेंढ्यावर निजवावीत. तुटलेला हात काडेपेटीत घालून त्याच चित्राशी बांधून ठेवला की वर्षानं शोधाशोध होत नाही.

आणि पेटी ठेवायची उंचावर. हे सांगलीकरांना मी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. माझी धाकटी बहीण तिथलीच. तिच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा खालच्या फळीवरची किल्ल्याची चित्रं पुन्हा माती झाली. भाच्याचे प्लॅस्टिकचे भाग धुऊन-वाळवून हाती लागले, पण कुठला भाग कुठं बसतो ते सांगणारे कागद गेले. पूर ओसरल्यावर घरात शंभर कामं होती, पण तो पोरगा ते भाग रोज चादरीवर मांडून बसायचा. कुणी त्याला हटकलं नाही, हे फार बरं केलं. सगळं घर उलटंपालटं झालेलं असताना स्वतःच्या हातानं लावता येईल अशी तेवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती.

हा नुसता खेळाचा मामला नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांकडे भोपळे वाळवून, आकार पाहून, निवडून ठेवलेले असतात. कुठला भोपळा कुठल्या वाद्याला जाईल हे ओळखणं, हीच निम्मी कला. नीट ठेवणं हा करण्याचाच एक भाग आहे.

आता कामाचा मुद्दा. आपल्या घरांत कुणाचंही हरवलेलं शोधून देण्याचं खातं आईकडे असतं. आमच्या ह्यांच्या कारखान्यात 'जागच्या जागी वस्तू' अशा पाट्या भिंतीभर लावल्यात म्हणे. घरी मात्र नेलकटर कुठाय, ते मला विचारतात! मुलांच्या डब्याबाबत मी सरळ नियम केला. जागा घराची, मांडणी तुमची. एक पेटी, तीही झाकण लागेल इतकीच भरलेली. झाकण लागेना की काय काढायचं ते तुम्ही ठरवा. मी हात लावणार नाही आणि शोधूनही देणार नाही. पहिले काही दिवस कुरकुर झाली, मग चिठ्ठ्या आपोआप लागल्या.

शेवटचं सांगते ते मला सगळ्यात जास्त टोचणारं. माझ्या लेकीला रणगाड्याचं किट हवं होतं, तर दुकानदार म्हणाला, "मुलीला कशाला हे?" आमच्या साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. २०२१-२२ पासून सैनिक शाळांची दारं मुलींना उघडली, पण दुकानाच्या काउंटरवर अजून तोच प्रश्न. आणि घरात तरी काय वेगळं आहे? मुलगा शिकायला पुण्याला गेला, तर त्याची पेटी 'राहू दे, त्याची आहे' म्हणून वर्षानुवर्षं माळ्यावर राहते. मुलीचं लग्न ठरलं की तिची पेटी आधी रिकामी होते. कुणाच्या मनात वाईट नसतं, फक्त जागा हवी असते. पण ती जागा नेमकी मुलीच्याच पेटीतून का निघावी? तुमच्या माहेरी तुमच्या नावाची एक तरी फळी आज आहे का, आठवून बघा. बऱ्याच जणींना आठवावंच लागणार नाही.

म्हणून मैत्रिणींनो, या दिवाळीत डबा टाकण्याआधी त्याच्या मालकाला किंवा मालकिणीला विचारा. टाकायचं ठरलंच, तर त्यांच्या हातानं टाकू द्या. ठेवायचं ठरलं, तर झाकणावर नाव लिहा. आणि लेकीचं नाव जरा ठळक लिहा, पुसून जाणार नाही असं.