यादवीतील बाजू आणि तटाबाहेरचा माणूस

यादवीत एक बाजू न्यायाची आणि दुसरी अन्यायाची असते, अशी सोयीची समजूत आपण बाळगून असतो. ह्या समजुतीला एका संगणकीय खेळाने छेद द्यावा, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु तरुण मने ज्यात रमतात, त्याकडे पाठ फिरवणे कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

'स्कायरिम' हा खेळ बेथेस्डा ह्या अमेरिकी कंपनीने २०११ साली बाजारात आणला. त्यातील काल्पनिक देशात यादवी माजली आहे. एका बाजूला साम्राज्य आहे. युद्धात खचल्यावर त्याने थालमोर ह्या परक्या सत्तेशी तह केला आणि टालोस ह्या लोकदैवताच्या पूजेवरील बंदी मान्य केली. दुसऱ्या बाजूला उल्फ्रिक हा बंडखोर सरदार आहे. त्याची घोषणा एकच : स्कायरिम नॉर्डांचे! खेळणाऱ्याचे मन साहजिकच बंडाकडे ओढ घेते. पण त्याच उल्फ्रिकच्या राजधानीत, ज्वालामुखीने मायभूमी उद्ध्वस्त झाल्यामुळे आलेले निर्वासित एका कळकट मोहल्ल्यात कोंडलेले आढळतात. गोदीत माल उतरवणाऱ्या परजातीच्या हमालांना तर शहराच्या तटाआत राहण्याचीही मुभा नाही. आणि ही यादवी लांबत राहावी, हीच थालमोरांची इच्छा असते. मग बाजू कोणाची घ्यावी? खेळ उत्तर देत नाही.

भूमिपुत्रांचे बंड आणि निर्वासितांची वस्ती हे शब्द एकत्र आले की ठाणे जिल्ह्यातील माणसाला वेगळा दाखला द्यावा लागत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. १९४९ साली त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले, तरी 'कॅम्प नंबर एक' ते 'पाच' ही नावे पत्त्यांतून आजही गेलेली नाहीत. ह्या माणसांनी कोणतीच बाजू निवडली नव्हती. रेषा दुसऱ्यांनी आखली आणि घरे ह्यांची गेली.

१९६६ साली मुंबईत शिवसेना स्थापन झाली, ती भूमिपुत्रांचे गाऱ्हाणे घेऊन. त्या गाऱ्हाण्यात तथ्य नव्हते, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिकलेला मराठी तरुण खरोखरच नोकरीसाठी वणवण करीत होता. मात्र त्याचा राग भांडवलदाराच्या पेढीवर न जाता दाक्षिणात्य कारकुनावर आणि उडप्याच्या उपाहारगृहावर गेला. गाऱ्हाणे खरे असले म्हणजे त्यावर उभारलेला झेंडा न्याय्य असतोच, असे नव्हे.

त्याच शिवसेनेत जून २०२२ मध्ये यादवी माजली. ठाण्याच्या एकनाथ शिंदे यांचे बंड म्हटल्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील शाखाशाखांतून सैनिकाला रातोरात बाजू घ्यावी लागली. एका बाजूने निष्ठेचा हवाला दिला, दुसरीने विचारांचा. छायाचित्र दोन्हीकडे एकाच नेत्याचे. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश समर्थनीय नसल्याचे सांगितले. पण उद्धव ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही सांगितले. जेथे कायद्याचाच निवाडा असा दुभंगलेला, तेथे शाखेतल्या साध्या सैनिकाने काय करावे?

पुढे २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच गोळ्या झाडल्या गेल्या. जखमी झालेला पदाधिकारी शिंदे गटाचा होता, अटक झाली ती सत्तेतील मित्रपक्षाच्या आमदाराला, आणि वाद जमिनीचा असल्याचे समोर आले. निष्ठा आणि विचार ह्या थोर शब्दांच्या तळाशी काय असते, हे ह्याहून स्पष्ट कोण सांगणार? मे २०२१ मध्ये ह्याच शहरात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे मेली. त्या रहिवाशांचा, अंबरनाथच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराचा, बदलापूरहून लोकलला लटकत मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्याचा प्रश्न ह्या यादवीत कोणत्या बाजूचा होता? कोणत्याच नाही.

म्हणून तटस्थ राहावे काय? बलराम तीर्थयात्रेला निघून गेला, म्हणून कुरुक्षेत्र टळले नाही. समाजवाद्यांना तर हा पेच नवा नाही. आणीबाणीच्या विरोधात १९७७ साली आपला पक्ष जनता पक्षात विसर्जित करून ते जनसंघाच्या शेजारी उभे राहिले. हुकूमशाही हटवणे हे त्या वेळचे पहिले कर्तव्य होते. पण जनसंघाकडून आलेल्यांच्या संघाशी असलेल्या नात्याचा प्रश्न त्यांनी गिळून टाकला नाही. मधु लिमये यांनी दुहेरी निष्ठेचा मुद्दा लावून धरला. १९७९ साली सरकार कोसळले आणि त्याचा दोष आजही त्यांच्या माथी मारला जातो. बाजू घेणे आणि घेतलेल्या बाजूला प्रश्न विचारत राहणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाची आहेत. दुसरे सोडले की पहिल्याची चाकरी होते.

तेव्हा मित्रहो, कोणताही झेंडा खांद्यावर घेण्यापूर्वी त्याच्या घोषणेपेक्षा त्याची राजधानी पाहावी. तिथला निर्वासित कुठे राहतो, हमाल कुठे झोपतो, आणि ही लढाई लांबल्याने कोणाचे फावते, हे विचारावे. दोन्ही बाजूंकडे उत्तर नसेल, तर कमी वाईट बाजू घेण्याची वेळ येईल. ती जरूर घ्यावी. मात्र विजयाच्या मिरवणुकीत सामील होण्याआधी तटाचा दरवाजा त्या हमालासाठी उघडला की नाही, हे वेशीवर जाऊन पाहून यावे.