शुक्रवारचे खेळ कोणासाठी?

दर शुक्रवारी मुंबईत नव्या मराठी चित्रपटांच्या जाहिराती झळकतात. कार्यकर्त्यांनी त्यांतील खेळांच्या वेळा तेवढ्या नीट वाचाव्यात. सकाळी अकरा, दुपारी एक, दुपारी तीन! दुकानात, कारखान्यात, कचेरीत राबणारा माणूस त्या वेळी कोठे असतो, हे मल्टिप्लेक्सच्या मालकांना ठाऊक नाही काय? दुपारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की 'मराठीला प्रेक्षकच नाही' असा शेरा मारून चित्रपट उतरवायला ते मोकळे.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. मालकांनी डोळे वटारले आणि थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस झाली. या नऊ तासांच्या पळवाटेतून कष्टकऱ्याची संध्याकाळ अलगद काढून घेतली गेली. त्याच महिन्यात 'कोर्ट' प्रदर्शित झाला. एका लोकशाहिरावरील खटल्याची ती कथा. पण त्या शाहिराचे श्रोते रोजंदारी बुडवून दुपारी तिकीट काढणार होते थोडेच!

लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे, मॉलमध्ये चित्रपटगृह आहे. गिरणी कामगाराच्या नातवाला तेथे मज्जाव नाही. दरपत्रक ते काम करते. (पॉपकॉर्नचा भाव आम्ही विचारीतच नाही.)

सहानंतरचा एक खेळ मराठीला आणि तोही परवडणाऱ्या दरात, एवढीच आमची मागणी आहे. शाखांनी येत्या शुक्रवारी आपापल्या भागातील वेळा व दर टिपून चालकांना निवेदने द्यावीत.