चिपाडाची वीज आणि जमिनीचा हक्क

उसाचे चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते जाळून वीज निर्माण केली तरी धुराड्यातून कर्बवायू बाहेर पडतोच, तेव्हा कोळशाहून त्यात अधिक चांगले ते काय, असा आक्षेप घेणारे विद्वान भट्टीपाशीच थांबतात आणि त्या वायूच्या मुळाचा शोध घेत नाहीत. कोळशातील कर्ब कोट्यवधी वर्षे भूगर्भात गाडलेला होता. उसातील कर्ब पिकाने लागवडीपासून तोडणीपर्यंतच्या १२ ते १८ महिन्यांत हवेतून घेतलेला असतो आणि पुढचे पीक तो पुन्हा घेते. शिवाय गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के चिपाड कारखान्याच्या आवारात साचतेच, आणि ते ढिगात कुजत राहिल्यास त्यातून मिथेन निर्माण होतो. राखेचे कण गावावर पडतात हा आक्षेप मात्र यथार्थ आहे. परंतु तो इंधनावर नसून धूलिकण अडविणारी यंत्रणा बंद ठेवणाऱ्या बेपर्वाईवर आहे.

आता समर्थकांकडे वळू. चिपाड चालते, म्हणून शेतातील पाचटही भट्टीत घालावे, नाहीतरी शेतकरी ते पेटवूनच देतो, हा त्यांचा युक्तिवाद एका अपकृत्याच्या आधारे दुसऱ्याचे समर्थन करणारा आहे. हेक्टरी ८ ते १० टन निघणारे पाचट जमिनीवर आच्छादले तर ओल टिकते आणि ते कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. जाळले तर, बांधावर असो वा बॉयलरमध्ये, त्यातील नत्र हवेत जातो. कपाशीच्या पऱ्हाटीची गोष्ट निराळी, कारण ती शेतात राहिल्यास गुलाबी बोंडअळीला आश्रय मिळतो. ती अवश्य इंधनात जावी.

सारांश, टाकाऊ काय हे भट्टीने नव्हे, जमिनीने ठरवावे. म्हणून वीजनिर्मितीचा परवाना देताना सरकारने तीन शर्ती घालाव्यात: पाचट शेतातच राहावे, पालाशयुक्त राख तपासून शेतकऱ्यांना परत मिळावी, आणि हंगामाबाहेर कोळसा जाळून केलेल्या विजेचा हिशेब स्वतंत्र दफ्तरी नोंदवावा. या शर्तींची अंमलबजावणी होत असेल, तर चिपाडाच्या विजेचा पुरस्कार निःशंकपणे करावा. होत नसेल, तर तिला पर्यावरणाचे नाव लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.