शुद्ध पाणी निघाले. क्षार कोठे गेले?

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पातळ पडद्यातून पाणी असे अधिक क्षारांकडे ओढले जाते, यास परासरण म्हणतात. क्षारयुक्त पाण्यावर पुरेसा दाब दिल्यास ते उलट दिशेने पडद्यापार जाते व क्षार मागे राहतात. हीच व्यस्त परासरणाची, म्हणजे 'आरओ'ची, रीत होय.

डोंबिवली-अंबरनाथ परिसरात रंग, रसायने व कापड यांचे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यातील विरघळलेले क्षार गाळण्याने वा जिवाणूंच्या प्रक्रियेने जात नाहीत. आरओमुळे ते वेगळे होतात, पाणी कारखान्यातच पुन्हा वापरता येते व नदीवरील मागणी घटते. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

तथापि पडदा क्षारांचा नाश करीत नाही. 100 लिटरांतून 75 लिटर शुद्ध पाणी काढले, तर उरलेल्या 25 लिटरांत जवळजवळ सर्व क्षार चौपट तीव्रतेने साठतात. ते वालधुनीत वा उल्हास नदीत सोडल्यास क्षारांचा भार तिळमात्र कमी होत नाही. असे पाणी शेतास मिळाले, तर ओल असूनही मुळांना पाणी शोषता येत नाही व पीक सुकते.

हे उरलेले पाणी आटवून क्षारांची रीतसर विल्हेवाट लावणे खर्चाचे आहे. परंतु तो खर्च कारखान्याने सोसावा, शेताने नव्हे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात सांडपाण्याविषयी अटी असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्या समजून घ्याव्यात आणि शेतकऱ्यांनी किती पाणी शुद्ध झाले एवढेच न विचारता, उरलेले कोठे गेले, हेही विचारावे.